अनुभव धागा : पलटणीतले साहेब, चर्चमधले साहेब

जनरल सुनीथ रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात लष्करप्रमुख होते. जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचं. मार्च २०२२ मध्ये ते गेले त्या संध्याकाळी आईने पप्पांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पप्पा कर्नल म्हणून निवृत्त झाले, त्यांचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही. असे ख्रिस्ती फौजी अधिकारी तुमच्या घरात, वाड्यात, चर्चमध्ये असतील, तर त्यांच्याबद्दल लिहा. सुरुवात मी करते.

पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीचे. बेळगावला आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा रविवारी सकाळी ते आधी मंदिर परेडला जात. जवानांबरोबर अनवाणी उभे राहत, आरती म्हणत, प्रसाद घेत. मग घरी येऊन आम्हाला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला नेत. कपाळावरचा टिळा कधी कधी तसाच असायचा. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही पलटणीची रणगर्जना त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस ती विसरणार नाही. मी एकदा विचारलं, "पप्पा, तुम्ही आरतीला का जाता?" म्हणाले, "पोरं ज्या देवाला हात जोडून पुढे निघतात, त्याच्यासमोर त्यांचा साहेब नको उभा राहायला?" फादरांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. फादर नुसते हसले.

⁂

आमचं घर अहमदनगरचं. डॅडी रणगाड्यांवर होते. माझ्या लहानपणी डॅडी म्हणजे ५६ एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा पत्ता आणि पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेली काळी ट्रंक. माझ्या दृढीकरणाला (चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला) ते नव्हते, धाकट्याच्या जन्मालाही नव्हते. निवृत्त झाल्यावर मात्र नातवंडांच्या शाळेतला एक कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. दर शनिवारी दफनभूमीतलं गवत स्वतः कापायचे. पाळकसाहेब म्हणायचे, माणूस लावू. डॅडी म्हणायचे, मी आहे ना.

⁂

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो.

माझे वडील फौजेत नाईक होते. ते वारले आणि आईची फॅमिली पेन्शन अडकली. कारण अगदी आपल्याकडचं : लग्नात नाव बदललेलं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, आठ महिने. कोणीतरी सांगितलं, खडकीत एक कर्नलसाहेब दर बुधवारी चर्चच्या व्हरांड्यात बसतात, त्यांना भेटा. टेबल, दोन खुर्च्या, कार्बन पेपर. आईला त्यांनी आधी बसवलं, पाणी दिलं, मग कागद मागितले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः लिहिला, पुढे काय लागेल ते तारीखवार मांडून दिलं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोनदा आमच्याबरोबर आले, सत्तरी ओलांडलेली असताना. नाव दुरुस्त होऊन पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश हातात पडला तेव्हा आई त्यांच्या पाया पडायला वाकली. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी तिला सॅल्यूट केला.

आई हे अजून सांगते. सॅल्यूटपाशी आली की थांबते.

⁂

वसई. आमच्या धर्मग्रामातले, म्हणजे आमच्याच चर्चचे, निवृत्त विंग कमांडर पहाटे पोरांना किनाऱ्यावर पळवायचे, सुट्टीत एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेची गणितं घ्यायचे, फी नाही. २०२१ मध्ये मुलींना ती परीक्षा देता येईल असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात. "बाय, उद्यापासून तूपण यायचं." लेखी परीक्षा मी पास झाले, पाच दिवसांच्या मुलाखतीत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली. ती बातमी आम्ही दोघांनी त्यांच्या ओट्यावर बसून वाचली. आपली पोरगी त्यात असल्यासारखे ते खूश होते.

⁂

वरचं सगळं वाचलं. आमच्याकडे सगळंच असं नव्हतं, म्हणून लिहितेय.

बाबा १९८७ मध्ये ऑपरेशन पवनसाठी, म्हणजे भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेवर, श्रीलंकेत गेले. परत आले ते गप्प होऊनच. ताट वाजलं तरी दचकायचे. आम्ही मुलं त्यांच्या खोलीत जायला घाबरायचो आणि आईने ती वर्षं कशी काढली हे मला लग्न झाल्यावर कळलं. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचे.

वर्षातून एक दिवस वेगळा असायचा. २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. आमच्याकडे लोक आपल्या आजी-आजोबांच्या कबरी सजवतात. बाबा आजोबांच्या कबरीवर एक मेणबत्ती लावायचे आणि मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी अकरा. मला वाटायचं, नवस असेल. मी कॉलेजात असताना त्यांनी खिशातली डायरी दाखवली. अकरा नावं, पुढे गावं. सातारा, कोल्हापूर, सांगली, बेळगाव. त्यांच्या कंपनीतली परत न आलेली मुलं. एकही ख्रिस्ती नाही. मिस्सात मृतांची नावं वाचतात, त्यात ही अकरा दरवर्षी वाचली जायची. बाबांनी फादरांना तशी विनंती केली होती. सुट्टी मिळाली की ते त्या गावांना जाऊन यायचे, हेही मला तेव्हाच कळलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात डायरी घेऊन मी फादरांकडे गेले. ते नवीन, केरळचे. आडनावं वाचताना अडखळायला लागले, तेव्हा म्हणाले, तूच वाच. मी वाचली, गावांसकट.