मलेशियात घरी गणपती बसवता येतो का?

ऐरोलीकर_सून: ह्यांची बदली क्वालालंपूरला झालीय. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि सासूबाईंना एकच टेन्शन, तिथे इस्लाम हा देशाचा धर्म आहे मग आरती, घंटा वगैरे चालेल का. कोणी राहिलंय का तिकडे?

घोडबंदरवाली: बिनधास्त बसवा गं! घटनेच्या कलम 3 मध्ये इस्लाम संघराज्याचा धर्म आहे, पण तिथेच बाकीचे धर्म शांततेने पाळता येतील असंही लिहिलंय. ब्रिकफील्ड्सला, म्हणजे क्वालालंपूरच्या लिटल इंडियाला गेलीस की फुटपाथवरच मोगऱ्याचे गजरे, हार, पूजेचं सामान सगळं मिळतं. आणि थायपुसम, म्हणजे मुरुगनचा (आपल्या कार्तिकेयाचा) तमिळ सण बघच, बटू केव्हजच्या गुहामंदिराच्या 272 पायऱ्या, डोक्यावर दुधाचे कलश, खांद्यावर कावडी, तमिळ लोकांची नुसती रीघ, आणि त्या दिवशी क्वालालंपूरला चक्क सरकारी सुट्टी असते.

वाशी_सेक्टर९: ताई, हे बरोबर, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. 2020 च्या जनगणनेत मुसलमान 63.5 टक्के, बौद्ध 18.7, ख्रिश्चन 9.1, हिंदू 6.1. कलम 160 नुसार मलय माणूस म्हणजे मुसलमानच. मुसलमानाला धर्म सोडायचा तर शरिया कोर्टाकडे जावं लागतं. लीना जॉय ही मलय बाई ख्रिश्चन झाली, ओळखपत्रावरचा इस्लाम शब्द काढायला कोर्टात गेली, 2007 मध्ये हरली. आपल्याला पूजा करता येते म्हणून सगळ्यांनाच मोकळीक आहे असं नाही, मला हे फार खटकतं.

ऐरोलीकर_सून: हे माहीतच नव्हतं. थँक्यू दोघांना. आणि विसर्जन?

घोडबंदरवाली: शाडूची छोटी मूर्ती घे, घरीच बादलीत.