बॉक्स उघडला म्हणून लॅपटॉप परत घेत नाहीत (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-304: नमस्कार मंडळी. जरा मदत हवी आहे. मुलीला इंजिनिअरिंगसाठी ऑनलाइन लॅपटॉप मागवला, 54 हजारांचा. परवा आला. चालू केल्यावर अर्ध्या तासात स्क्रीनवर उभ्या रेषा यायला लागल्या. ॲपवर रिटर्न टाकलं तर उत्तर आलं, "सील उघडलेले आहे, वापरलेली वस्तू परत घेतली जाणार नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा." आणि रिक्वेस्ट बंद करून टाकली. आता काय करायचं?

बी-102: वहिनी, अजिबात सोडू नका. परत परत रिक्वेस्ट टाकत राहा.

सी-503: हे बघा, मला आलेला मेसेज पुढे पाठवतोय. "महत्त्वाचे! ऑनलाइन घेतलेली कोणतीही वस्तू 14 दिवसांत, कारण न सांगता, पूर्ण पैसे घेऊन परत करता येते. हा तुमचा कायदेशीर हक्क आहे."

ए-601: काका, हा हक्क आपल्या देशात नाही. 14 दिवसांची सवलत युरोपियन युनियनच्या कायद्यात आहे, ब्रिटनमध्येही आहे. कोणी तरी तिथलं उचलून मराठीत फिरवलंय. वहिनींनी हे तक्रारीत लिहिलं तर समोरचा पहिल्या ओळीतच तक्रार उडवून लावेल, म्हणून लगेच सांगते.

सी-503: अच्छा. मुलगा म्युनिकला असतो, त्याच्याकडूनच आला होता. त्याने हेडफोन उघडून चार दिवस वापरले, आवडले नाहीत म्हणून परत दिले. पैसे पूर्ण मिळाले.

ए-601: बरोबर आहे त्याचं. मात्र तिथेही दुकानात जितकं हाताळून बघतो त्यापेक्षा जास्त वापर झाला असेल तर विक्रेता पैसे कापू शकतो. असो. आपल्याकडचं सविस्तर लिहिते, थोडं मोठं होईल. मी ग्राहक संघटनेच्या मार्गदर्शन केंद्रावर बसते, तिथे सध्या मोबाईल, लॅपटॉप, इअरबड्स यांच्याच तक्रारी जास्त येतात आणि बहुतेकांना हेच उत्तर मिळालेलं असतं, "बॉक्स उघडलाय."

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वस्तू नकोशी झाली, रंग आवडला नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाली, तर परत घ्यायचं की नाही हे त्या ॲपच्या पॉलिसीवर अवलंबून आहे. कायदा तिथे तुमच्या मदतीला येत नाही. ऑर्डर देताना जे लिहिलेलं असतं, सात दिवस, फक्त बदलून मिळेल, परत घेणार नाही, तेच लागू होतं. पण वस्तू सदोष असेल, नकली असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेलं त्यात नसेल, तर मुद्दा पॉलिसीपुरता राहत नाही. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम 23 जुलै 2020 ला आले. त्यातला नियम 6 सांगतो की अशी वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा आलेल्या वस्तूलाही हेच लागू आहे, अपवाद फक्त कोणाच्याच हातात नसलेल्या अडचणींचा.

त्या नियमात सील शाबूत असण्याची अट कुठेही नाही. असणारही कशी? नारळ फोडल्याशिवाय नासका निघाला हे कळत नाही. स्क्रीनचा दोष चालू केल्यावरच दिसणार, आणि चालू करायला सील तोडावंच लागतं. वहिनी, तुमच्या ईमेलमध्ये हे वाक्य असंच्या असं टाका.

बी-304: ताई, खूप धन्यवाद. पण ते म्हणतात आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेता वेगळा आहे.

ए-601: बिलावर विक्रेता म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. तक्रारीत तिघांनाही घ्यायचं: विक्रेता, प्लॅटफॉर्म आणि लॅपटॉप बनवणारी कंपनी. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता दिसत नसेल तर प्लॅटफॉर्मकडे लेखी मागा, खरेदी केल्यानंतर ही माहिती त्यांना द्यावी लागते. प्रत्येक तक्रारीला क्रमांकही द्यावा लागतो. चॅटवरच्या माणसाशी वाद घालत बसू नका. त्यांच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो, तो असणं बंधनकारक आहे. त्याला ईमेल करा. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो.

डी-401: मंडळी, माझं स्टेशन रोडला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. लोक मॅचसाठी मोठा टीव्ही नेतात आणि मॅच झाली की "पिक्चर बरोबर नाही" म्हणून परत आणतात. उघडलेला पीस नवीन म्हणून विकता येत नाही, कंपनी आमच्याकडून परत घेत नाही. चार-पाच हजारांचा फटका आमच्या खिशातून. फोनच्या बॉक्समध्ये जुना फोन घालून परत करणारेही भेटलेत. विक्रेता कडक का होतो, तेही बघा.

ए-601: दादा, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. असं करणाऱ्यांमुळेच खऱ्या तक्रारदाराकडे संशयाने पाहिलं जातं. केंद्रावर कोणी "थोडे दिवस वापरून परत द्यायचंय, कसं करू" असं विचारलं तर मी सरळ नाही म्हणून सांगते. पण त्यावरचा उपाय तपासणी हा आहे. सिरियल नंबर जुळवा, माणूस पाठवून स्क्रीन बघा, मग ठरवा. न बघताच नकार देणं चूक आहे. वहिनींच्या लॅपटॉपकडे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

डी-401: हे मान्य. दोष दिसत असेल तर मी स्वतः बदलून देतो. वहिनी, एक काम करा. सर्व्हिस सेंटरला जाच, पण दुरुस्ती करून घेऊ नका. लॅपटॉप आल्या आल्याच बिघडलेला होता असा दाखला त्यांच्याकडून मागा. आमच्या धंद्यात त्याला डीओए म्हणतात. तो नाही दिला तर निदान जॉब शीटवर दोष काय आणि तारीख कोणती ते लिहून घ्या. पॅनल बदलून दिला की मग "आता चालतोय ना" एवढंच ऐकायला मिळेल.

ए-601: अगदी नेमकं सांगितलंत. आणि वहिनी, रेषांचा व्हिडिओ आजच काढा. त्यात मागचा सिरियल नंबर, बॉक्सवरचा सिरियल नंबर आणि बिल हे सगळं एकाच शॉटमध्ये येऊ दे. मधे कट नको.

बी-304: व्हिडिओ काढलाय पण सिरियल नंबर नाही आला. आता परत काढते. चार्जर, खोका, थर्माकोल सगळं जपून ठेवलंय.

ए-205: मलाही विचारायचंय. मॉनिटरच्या पानावर 144 हर्ट्झ लिहिलं होतं, आलेला मॉनिटर 75 च्या पुढे जात नाही. बाकी व्यवस्थित चालतो. हा दोष धरतात का?

ए-601: दोष नाही म्हटलं तरी "जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म नाहीत" यात तो चपखल बसतो. आधी केबल आणि सेटिंग तपासा, कधी कधी केबलमुळेही कमी दिसतं. तरीही 75 च राहिलं तर त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या. ही पानं गुपचूप बदलतात. सगळ्यांनाच सांगते, महाग वस्तू घेताना ऑर्डरच्या दिवशीच पानाचा आणि रिटर्न पॉलिसीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डी-202: इअरबड्सचं काय? "कानात घालायची वस्तू, परत नाही" असं लिहिलेलं असतं.

ए-601: नको झाले म्हणून परत घेणार नाहीत, आणि त्यात स्वच्छतेचा मुद्दा रास्त आहे. पण एक बाजू वाजतच नसेल तर ते सदोष. मग ते वाक्य दाखवून टाळता येणार नाही.

बी-102: आणि सात दिवस उलटून गेले तर? संपलंच ना सगळं?

ए-601: नाही, पण अवघड होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्यासाठी मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर 30 दिवस. म्हणून मुदतीच्या आत लेखी तक्रार गेलेली बरी. मुदत गेली तरी वॉरंटी राहते, आणि ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात.

बी-304: आयोग म्हणजे कोर्टच ना? वकील, तारखा... आणि ॲपच्या अटींमध्ये "न्यायक्षेत्र बंगळुरू" असं लिहिलंय.

ए-601: त्या ओळीला घाबरू नका. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला ठाणे जिल्हा आयोग. वकील लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फीसुद्धा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवते.

त्याआधी 1915 ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलतात. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पाठवतात, आणि ॲपवर बंद झालेली कितीतरी प्रकरणं तिथून सुटलेली मी पाहिली आहेत.

डी-202: मी घरी क्लासेस घेते. प्रिंटर घेताना जीएसटी नंबर टाकला होता. मग मी ग्राहक धरली जाते का?

ए-601: व्यापारासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक धरत नाहीत, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू त्यात येत नाही. तुम्ही ग्राहकच. फक्त जीएसटी नंबर पाहून समोरचा हा मुद्दा काढेल, तयारीत राहा.

ए-205: पैसे वॉलेटमध्ये देतो म्हणाले तर घ्यायचे का?

ए-601: ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत मागा. हप्त्यांवर घेतलं असेल तर रिफंड येईपर्यंत बँकेचा हप्ता थांबवू नका, नाहीतर तुमचाच सिबिल बिघडेल.

सी-503: आणि लॅपटॉप परत देताना त्यातलं सगळं पुसून द्या. फोटो, बँकेचे पासवर्ड, लॉगिन.

ए-601: हो, मोबाईलमधून तर अकाउंट साइन-आउट केलंच पाहिजे. ते राहिलं की पिकअपला आलेला मुलगा फोन घेतच नाही आणि रिटर्न रद्द होतं. पिकअपची पावती घ्या, बॉक्स देताना एक फोटो.

ए-101 (सचिव): सर्वांना नमस्कार. चर्चा वाचली. यातली एक बाब सोसायटीशी थेट संबंधित आहे. बरेच सदस्य कामावर असताना गेटवरच्या वॉचमनला ओटीपी सांगतात आणि पार्सल केबिनमध्ये ठेवायला लावतात. हल्ली महाग वस्तू बॉक्स उघडून दाखवून देतात आणि मगच ओटीपी घेतात. वॉचमनने तिथे ओटीपी दिला म्हणजे आतली वस्तू नीट आहे असं आपणच मान्य केलं असा अर्थ निघेल. शिवाय रिटर्नचे दिवस केबिनमध्ये पार्सल पोचल्यापासून मोजले जातात.

ए-601: सचिव साहेब, हे फारच महत्त्वाचं बोललात. मागे एकांचा टॅब असाच दोन दिवस केबिनमध्ये पडून होता.

ए-101 (सचिव): मग उद्यापासून वॉचमन उघडून दाखवायच्या कोणत्याही डिलिव्हरीचा ओटीपी देणार नाही. सदस्य घरी नसेल तर डिलिव्हरी पुढची तारीख देऊन परत जाईल. साधी पार्सलं पूर्वीप्रमाणे घेतली जातील, रजिस्टरमध्ये वेळ लिहून. नोटीस बोर्डवर लावतो.

बी-102: पाठिंबा. ज्येष्ठांच्या पार्सलसाठी शेजाऱ्यांनी खाली यावं, मी माझ्या मजल्याचं बघतो.

बी-304: ताई, ईमेल पाठवला. विक्रेता, प्लॅटफॉर्मचे तक्रार अधिकारी आणि कंपनी, तिघांनाही. 1915 लाही फोन झाला, तक्रार क्रमांक मिळाला. उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला जाते.

डी-401: मी येतो सोबत, वहिनी. जॉब शीटवर काय लिहून घ्यायचं ते तिथेच सांगतो.

ए-601: जॉब शीटचा फोटो मला पाठवा. 48 तासांत पोच आली नाही तर पुढचं पत्र आपण रविवारी क्लब हाउसमध्ये बसून लिहू. ए-205, तुमच्या मॉनिटरचे कागदही घेऊन या.