सोलापूर ते झुरिक: मुंबईहून थेट विमान घ्यावं की हैदराबादहून दुबईमार्गे? मदत हवी आहे

जुळे सोलापूर:

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, चौथीतला मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि 69 वर्षांच्या सासूबाई. हॉटेल, तिथला रेल्वे पास हे पुढचं पुढे. गाडं अडलंय ते विमानाच्या तिकिटावर.

एक पर्याय मुंबईहून झुरिकला थेट जाण्याचा. विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, नऊएक तासांत पोचवतं आणि तिथे उतरतो तेव्हा सकाळ असते. दुसरा पर्याय हैदराबादहून दुबई आणि तिथे विमान बदलून झुरिक. चारेक तासांचा पहिला टप्पा, मग तीन तास थांबायचं, मग साडेसहा-सात तासांचा दुसरा टप्पा. पहाटे निघून दुपारी पोचतो. हा दुसरा माणशी 15-16 हजारांनी स्वस्त पडतोय, म्हणजे पाच जणांचे पाऊण लाखाच्या वर. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

मुंबईत राहणाऱ्याला हा हिशोब सोपा असतो. आपल्याला मात्र थेट विमान घेतलं तरी आधी घरापासून विमानतळापर्यंतचा मोठा प्रवास आहेच. मुंबई रस्त्याने साधारण चारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. म्हणजे प्रवासात खंड दोन्हीकडे आहेच, तो जमिनीवर सोसायचा की दुबईत, एवढाच प्रश्न.

सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदललाय, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. घरात आणि सोसायटीत व्यवस्थित चालतात, सिद्धेश्वराच्या देवळातही जातात, पण रांगेत अर्धा तास उभं राहणं जमत नाही. धाकटीचे कान गोव्याला जाताना विमान उतरत असताना फार दुखले होते, ती धावपट्टीपर्यंत रडत होती.

नवरा म्हणतो, हैदराबादहून जाऊ, मध्ये पाय मोकळे होतील आणि पैसेही वाचतील. माझं मन थेट विमानाकडे आहे. सासूबाईंचं एकच, "माझ्यापायी जास्तीचे पैसे घालू नका." सासरे गिरणीत होते, सासूबाईंनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळण्यात घालवलं. ही सहल मुळात त्यांना बर्फ दाखवायला आहे. तिथे पोचून त्या दोन दिवस खोलीत पडून राहिल्या तर मला फार वाईट वाटेल.

वयस्कर माणूस आणि लहान मूल दोन्ही घेऊन कुणी असा प्रवास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

विजापूर वेस:

ताई, थांबे मोजू नका, रात्रीची झोप कुठे मोडते ते बघा. मी आईवडिलांना घेऊन दोन्ही तऱ्हेने गेलोय, म्हणून सांगतो.

हैदराबादचं गणित मांडू. पहाटे चारच्या सुमाराचं विमान म्हणजे मध्यरात्री एक वाजता शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावर हजर. घरून संध्याकाळी सहालाच निघावं लागेल. रस्ता चांगला आहे, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असं करत संगारेड्डीच्या पुढे बाह्य वळण रस्त्याला लागलात की हैदराबाद शहरात शिरावंच लागत नाही, थेट विमानतळाकडे जाता येतं. पण मुलं गाडीत पेंगणार, मग उठवून तपासणीच्या रांगेत उभी करणार, विमानात जरा डोळा लागतो तोच दुबई. तिथे पुन्हा उठवायचं, पुन्हा बॅगांची तपासणी, पुन्हा चालणं. अख्खी रात्र तुकड्यातुकड्यांत जाते.

मुंबईला जायचं तर सकाळची वंदे भारत पकडा. दुपारी बाराच्या सुमारास दादर. दादर-ठाण्याकडे कुणी नातेवाईक असतील तर जेवून तीन-चार तास आडवं व्हायचं, रात्री नऊ-साडेनऊला विमानतळ. विमान सुटेपर्यंत मुलांची झोपेची वेळ उलटून गेलेली असते, ती सहज झोपतात. सकाळी डोळे उघडले की झुरिक.

एक अडचण थेट विमानातही आहे. सकाळी लवकर पोचाल, पण हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही. आईंना त्या वेळी पाठ टेकायला जागा हवी. हॉटेलला आधीच लिहून लवकर खोली मागा, त्याचे जादा पैसे पडले तरी द्या. दुबईमार्गे दुपारी पोचण्याचा फायदा म्हणाल तर हा एक आहे.

सात रस्ता:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवरोबा पाय मोकळे होण्याबद्दल म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये लांबच्या प्रवासावरचा अभ्यास मांडला. सलग चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात निघालं. दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र हे विमानापुरतं नाही. गाडी, बस, रेल्वे, जिथे पाय लोंबकळत ठेवून बसून राहतो तिथे सगळीकडे लागू आहे. सोलापूर ते शमशाबाद सहा तास गाडीत आणि लगेच चार तास विमानात, हे एका दृष्टीने नऊ तासांच्या थेट विमानापेक्षा बरं नाही. रेल्वेत निदान डब्यातून फेरी मारता येते.

काकूंना बाजूच्या वाटेलगतची जागा घ्या, खिडकीची नको. जाग असेल तेव्हा तासाभराने उठून चार पावलं चालायचं, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवायचे, पाणी पीत राहायचं. सांधा बदललेल्यांनी पायातले घट्ट मोजे वापरावेत का, हे त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांनाच विचारा. गुडघ्यातल्या धातूमुळे तपासणीच्या चौकटीत आवाज होईल, मग हाताने तपासतात, त्यात काळजीचं काही नाही. ऑपरेशनचा कागद जवळ असला की समजावायला सोपं जातं.

इन्सुलिन सामानात टाकायचं नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायचं. खालच्या भागात ते गोठू शकतं आणि बॅग हरवली तर पंचाईत. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, सुया, साखर मोजायचं यंत्र, सगळं एकत्र. मे महिन्यात स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे जायचा दिवस तेवढा लांबतो. डोस कसा घ्यायचा ते निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळेसह लिहून घ्या.

धाकटीचे कान विमान खाली येताना दुखतात, चढताना कमी. विमान बदललं की ते उतरणं दोनदा होतं. उतरायला लागायच्या आधी जागं करून काहीतरी घोट घोट प्यायला द्या. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कुंभार वेस:

मी विमान बदलण्याच्या बाजूने लिहितो, कारण ते उगाच बदनाम आहे. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली की विमानतळाचा माणूस दारापासून विमानापर्यंत नेतो. दुबईत गेट बदललं तरी शोधाशोध त्याची. तिचे वेगळे पैसे नसतात. आमच्या घरच्या वयस्करांना मधला थांबा आवडतो, चहा होतो, हातपाय हलतात.

फक्त काही गोष्टी पक्क्या हव्यात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर पाहिजेत. मग पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी, आणि बॅगा थेट झुरिकला निघतात. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडली तरी घेऊ नका, तिथे चुकलेलं विमान तुमच्या खिशातून जातं. मधला वेळ तासा-सव्वा तासाचा नको. संगणक तो देतो, पण लहान मूल आणि व्हीलचेअर घेऊन अडीच-तीन तास तरी हवेत.

आणखी एक. दुबई, दोहा, अबुधाबीला विमानतळाच्या आतच थांबून विमान बदलायला आपल्याला व्हिसा लागत नाही. व्हिएन्नासारख्या शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) देशातल्या शहरात बदललंत तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. 12 ऑक्टोबर 2025 पासून त्या देशांनी सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी नवी पद्धत सुरू केली आहे. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. या रांगेत वेळ जातो, आणि पुढचं विमान धरायचं असेल तर तो वेळ तुमच्या थांब्यातून जातो. थेट विमानात हीच रांग झुरिकला लागेल, पण तिथे पुढे पळायचं नसतं.

आखाताबद्दल एवढं ध्यानात ठेवा की 23 जून 2025 ला कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं तेव्हा विमानं भलतीकडे वळली आणि हजारो प्रवासी अडकले. अशा वेळी एकटा माणूस बाकावर रात्र काढतो, इन्सुलिनवाल्या आजी आणि साडेतीन वर्षांची पोर असताना ते फार जड जातं. ही बाब माझ्याही मताच्या विरुद्ध जाते, तरी सांगणं भाग आहे.

अक्कलकोट रोड:

वहिनी, व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जाला आरक्षण लागतं, पैसे भरून पक्कं केलेलं तिकीट लागतंच असं नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मे महिन्यासाठी लवकर हालचाल करा. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या खाली काही नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडतं. म्हणजे विमान आधी ठरणार, गाडी नंतर. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते, तारीख घेताना तेवढं बघा.

सोलापूरहून मुंबईला विमानही सुरू झालंय, ते मोहात पाडेल. पण ते वेगळं तिकीट, आणि सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी. त्याच दिवशी ते रद्द झालं तर झुरिकचं विमान थांबणार नाही. जायचंच तर आदल्या दिवशी.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. पेढे, तूप, खवा नको, दुधाचे पदार्थ आपल्या देशातून तिथे नेता येत नाहीत.

जुळे सोलापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवरा आणि सासूबाईंना बसवून हे सगळं वाचून दाखवलं. पैशाचं बाजूला ठेवा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते, असं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसायची नाही गं. अनोळखी जागी मी मागे राहीन आणि तुम्ही माझ्यासाठी थांबाल, याची." व्हीलचेअरचं समजल्यावर त्यांचा चेहरा खुलला. आणि कुंभार वेस दादांनी आकाश बंद झाल्याचं लिहिलं, त्यावर नवरा स्वतःहून म्हणाला की थेटच घेऊ.

तर मुंबईहून थेट, जाता-येता दोन्ही. नणंद मुलुंडला राहते, जायच्या दिवशीची दुपार तिच्याकडे. जादा लागणाऱ्या पैशांसाठी सहल एका दिवसाने कमी करतोय.

आता येतानाचं बघायचं आहे. ते विमान रात्री उशिरा मुंबईत उतरतं.

विजापूर वेस:

छान ठरवलंत. येताना त्याच रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायचा विचार मनातही आणू नका, ती साडेदहा-पावणेअकराला सुटते आणि तुम्ही तेव्हा बॅगांच्या पट्ट्यापाशी असाल. रात्री नणंदेकडे झोपा, दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वंदे भारत निघते, रात्री अकराच्या आत सोलापूर. दुसऱ्या दिवशी कुणाला ऑफिस किंवा शाळा ठेवू नका.

व्हीलचेअर परतीच्या तिकिटावरही वेगळी मागून घ्या, जातानाची मागितली म्हणजे येतानाची आपोआप लागते असं नाही. निघायच्या दोन दिवस आधी कंपनीला फोन करून दोन्ही नोंदी आहेत का ते विचारा. मधुमेहींचं जेवणही तेव्हाच सांगून टाका.

जुळे सोलापूर:

नोंद केली. व्हिसाची वेळ घ्यायला आज बसतेय. झुरिकला उतरल्यावर व्हीलचेअरवाल्यांना पासपोर्टच्या रांगेत वेगळी खिडकी असते का, आणि बरोबरच्या घरच्यांना त्याच खिडकीतून जाऊ देतात का, कुणी अलीकडे गेलं असेल तर लिहा.