गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ अडकतोय (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 मुलांच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओची लिंक परवा टाकली होती. नीट दिसला का सगळ्यांना?

काका ए-१०२: गणेशवंदना संपेपर्यंत नुसतं गोल गोल फिरत होतं. मग मीच झोपलो.

नीताताई बी-४०३: आमचा धाकटा शारजातून बघत होता. पाच सेकंद नाच, की पोरं जागच्या जागी थिजलेली.

मोरे सी-२०४: वायफाय बदला म्हणून कधीचा सांगतोय. कोणी ऐकेल तर शपथ.

ओंकार बी-३०१: दादा, यात वायफायचा दोष नाही. शूटिंग फोर-केमध्ये आहे, साधारण ५० एमबीपीएस, आणि त्या लिंकवर मूळ फाइल जशीच्या तशी चालते. म्हणजे दर सेकंदाला ५० मेगाबिट आले तरच ती सलग चालणार. आपल्याकडे बहुतेकांचा प्लॅन ३०-४०चा, त्यात घरात दोघं मोबाइलवर.

काका ए-१०२: म्हणजे वरच्या टाकीवर सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यासारखं.

ओंकार बी-३०१: अगदी 😄

मोरे सी-२०४: पण फाइल आहे तरी केवढी?

ओंकार बी-३०१: १०० मिनिटांची साडेसदतीस जीबी. एमबीपीएसला ८ने भागायचं, की सेकंदाचे एमबी. त्याला ६००० सेकंदांनी गुणा. तीच १०८०पी, म्हणजे फोर-केपेक्षा लहान चित्राची, करून ४ एमबीपीएसवर आणली तर ३ जीबी होते. मोबाइलवर फारसा फरक कळत नाही.

स्वाती बी-२०२: मग १वरच आण ना, पटकन चालेल.

ओंकार बी-३०१: वहिनी, भाषणांना १ चालेलही, तिथे एकच माणूस माइकसमोर उभा. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं, मुख्यतः तेवढंच साठवून फाइल लहान होते. लेझीममध्ये सगळंच हलतंय, वरून फुलं उधळलीत. एवढ्या कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला इतके कमी मेगाबिट दिले तर, तिथे चेहऱ्यांचे चौकोन होतात. तुमची लेक पहिल्याच रांगेत आहे.

स्वाती बी-२०२: नको नको, ४च ठेव!

सेक्रेटरी: टँकर ११ला येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा प्लीज.

देसाई ए-३०३: कशात करणार? विकतचं सॉफ्टवेअर लागेल ना?

ओंकार बी-३०१: हँडब्रेक, फुकट आहे. सरासरी बिटरेट ४००० केबीपीएस (म्हणजे तेच ४ एमबीपीएस) देऊन मल्टी-पास, म्हणजे दोन फेऱ्यांत, करतो. पहिल्या फेरीत हालचाल कुठे जास्त ते बघून घेतं, दुसऱ्या फेरीत लेझीमला जास्त आणि भाषणांना कमी वाटतं. (आमच्या मेंटेनन्सचंही असं झालं तर!) शिवाय ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण करायची. एमपी४ची अनुक्रमणिका बऱ्याचदा फाइलच्या शेवटी असते, ती पुढे येते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो.

देसाई ए-३०३: व्हिडिओ पिळायची नवी पद्धत, एच.२६५, घे की. जवळपास निम्म्यात बसतं.

ओंकार बी-३०१: बसतं, पण जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही. त्याच्या आधीचं एच.२६४ २००३पासूनचं आहे, बहुतेक सगळीकडे चालतं.

मोरे सी-२०४: इथेच व्हॉट्सॲपवर टाक ना.

ओंकार बी-३०१: व्हिडिओ म्हणून टाकला की ते स्वतःच पिळून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, पण सगळ्यांचे फोन भरतील आणि शिव्या मला.

नीताताई बी-४०३: यूट्यूब?

ओंकार बी-३०१: तिथे सोय चांगली आहे, लहानमोठ्या आवृत्त्या तेच करतं आणि नेट बघून बदलतं. पण ते पुन्हा पिळणार, म्हणून तिथे ८ एमबीपीएसची, ६ जीबीची द्यावी लागेल. आणि आपले बरेचसे नाच सिनेमाच्या गाण्यांवर. हक्कवाल्यांनी दावा केला तर एखाद्या देशात दिसणारच नाही.

स्वाती बी-२०२: अनलिस्टेड, म्हणजे शोधात न येणारा, ठेवला तरी लिंक ज्याच्या हाती तो बघणार. मुलांचे चेहरे आहेत, मला नाही पटत.

सेक्रेटरी: वहिनींचं बरोबर आहे. यूट्यूब नको. ओंकार, जुन्या फाइलच्या जागी ३ जीबीची टाक.

ओंकार बी-३०१: टाकतो. बाहेरगावच्यांसाठी ७२०पी, २ एमबीपीएसची वेगळी ठेवतो, दीड जीबीची. रात्रभर लॅपटॉप लावून ठेवतो, सकाळी लिंक देतो.

काका ए-१०२: मला बाबा पेनड्राइव्हवर दे. टीव्हीला लावीन.

ओंकार बी-३०१: चालेल काका. फॅट-३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, ही बसेल. किती मोकळा आहे?

काका ए-१०२: ते तूच बघ. फक्त काकूंची भजनं आहेत त्यावर, ती पुसू नकोस.