मदत हवी आहे: दख्खनी लोकर आणि रेशीम एकत्र जमत नाहीये, लोकर मोजकीच उरली आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीनंतर आबांनी मेंढरं विकली. माण तालुक्यातलं आमचं घर. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, आणि दादा नोकरीला बाहेरगावी. शेवटच्या कातरणीची लोकर मात्र त्यांनी विकली नाही, पोत्यात बांधून मला पुण्याला येताना दिली. साधारण २ किलो असेल, बहुतेक काळी, थोडी करडी. त्यातूनच त्यांच्यासाठी भिंतीवर टांगायला २ बाय ३ फुटांचा फेल्टचा (न विणता, ओली लोकर लाटून घट्ट केलेला) तुकडा करायचा आहे. काळी जमीन आणि तिच्यावर बिरोबाच्या यात्रेत उधळतात तसा भंडारा, एका बाजूला दाट आणि पुढे विरळ होत गेलेला. चित्र डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट आहे, हातातून उतरत नाहीये.

आतापर्यंत १२ इंची चौकोनाचे तीन नमुने केले. लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, न चोळता तीन पाण्यांतून काढली. वाळल्यावर कुसळं, गोखरू वेचले आणि कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घेऊन पिंजली. मग बबल रॅपवर एक थर आडवा, एक उभा, असे चार थर. वर मच्छरदाणीची जाळी, साबणाचं कोमट पाणी, आणि पाइपला गुंडाळून लाटणं. एका नमुन्याला चारशे वेळा लाटलं, खांदे भरून आले.

काळी लोकर धरते, पण अर्धवटच. चिमटीने उचललं की जाड केस सुटून हातात येतात. १२ इंचांचा चौकोन जेमतेम साडेदहावर आला. दुसऱ्या नमुन्याला कडेने विकतची मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) लावली, तर कड भराभर आटली आणि मधला काळा भाग तळलेल्या पापडासारखा फुगून वर आला.

भंडाऱ्यासाठी येवल्याहून पैठणीच्या मागावरचे वाया गेलेले पिवळे रेशमी धागे आणले आहेत. ते वर पसरून लाटले, तर वाळल्यावर पूर्ण पापुद्रा एका ओढीत निघून आला. म्हणून तिसऱ्या वेळी मेरिनोच हळदीत रंगवली. साबणाचं पाणी पडल्यावर ती कुंकवासारखी लाल झाली! शेवटी फेल्टिंगच्या ३८ नंबरच्या सुईने टोचून बसवायला गेले, दोन सुया मोडल्या.

"सगळी मेरिनोच घ्या" असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. तो मला नकोय, आबांची लोकर दिसायला आणि हाताला लागायला हवी. आता दीडेक किलोच उरली आहे. पुढचा नमुना करण्याआधी जाणकारांनी सांगावं, कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, तुमचं लाटणं चुकलेलं नाही, तंतूंचे स्वभाव वेगळे आहेत. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम साबणपाण्याने ते उघडतात, आणि हलवत राहिलं की तंतू एकाच दिशेने सरकत एकमेकांत अडकतात, जटा होतात. मेरिनो बारीक आणि लवचीक, म्हणून झटपट सरकते. दख्खनी लोकरीत जाड, आतून पोकळ केस पुष्कळ. ते ताठ राहतात, सरकत नाहीत. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावू नका, एकमेकींत पिंजा. तीन भाग काळी आणि एक भाग काळी किंवा राखाडी मेरिनो, ब्रशवर दोन-तीनदा फिरवून एकजीव करा. कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे तेच मिश्रण असलं की आटणंही सारखं होईल, फुगा येणार नाही.

रेशमाला खवलेच नसतात, ते स्वतःहून कधीच चिकटणार नाही. खालच्या लोकरीने वर येऊन त्याला धरायला हवं. जाड पसरलंत की लोकर त्यातून वर येऊच शकत नाही, म्हणून पापुद्रा. शिवाय मागावरच्या धाग्याला पीळ असतो. इंच-दीड इंचाचे तुकडे करा, पीळ उकलून पिंजा, आणि खालचा काळा रंग दिसेल इतपत विरळ टाका. त्यावर पिवळ्या मेरिनोचा कोळ्याच्या जाळ्यासारखा थर. पहिली दहा मिनिटं लाटू नका, जाळीवरून नुसता तळहात फिरवा.

पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यात साबण फुटतो, पांढरा साका धरतो. प्यायचं पाणी गरम करून वापरा.

प्रतिसाद २

हळद आणि साबण म्हटल्यावर लाल होणारच, कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे. व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, पिवळी परत येईल. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, भिंतीवर वर्षभरात फिका पडेल. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवा, मग झेंडूच्या पाकळ्यांत रंगवा. पिवळा भंडाऱ्याच्या जवळचा येतो आणि हळदीपेक्षा बराच टिकतो. गरम पाण्यातून थेट गार पाण्यात मात्र टाकू नका, भांड्यातच निवू द्या.

प्रतिसाद ३

मी कोल्हापूरकडचा. दख्खनी लोकर लाटली जात नाही असं नाही. आमच्याकडे आजोबांच्या बाजेवर जेन असायचं, ते याच लोकरीचं, न विणता लाटून केलेलं. पण ते चांगलं बोटभर जाड, आणि लाटताना चटईत गुंडाळून माणसं पायाने जोर लावायची. हाताचा जोर त्याला पुरत नाही. तुम्हीही गुंडाळी जमिनीवर ठेवून पायाने लाटा, दर पन्नास फेऱ्यांनी उलगडून दिशा बदला.

दुसरं म्हणजे, पोत्यात जावळ आहे का ते बघा. कोकराची पहिली कातरणी. घोंगडीलाही जावळाची लोकर वेगळी काढतात ती उगाच नाही, हात लावल्यावरच फरक कळतो. असेल तर मेरिनो कमी लागेल.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी बोअरचंच होतं.

जावळाचं वाचून लगेच आबांना फोन केला. म्हणाले, "पोत्याच्या तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलंय, ते काय? तुला सांगितलं होतं की." मला आठवतही नव्हतं. सोडून बघितलं तर पाऊण किलोच्या आसपास, टोकाला किंचित तांबूस झाक आणि मांजराच्या पोटासारखं मऊ. इतके दिवस मी वरचीच लोकर काढत होते.

काल नमुना केला: दोन भाग जावळ, एक भाग मोठ्या मेंढरांची, मेरिनो फक्त चिमूटभर. पायाने लाटलं. १२ इंचांचे सव्वानऊ झाले, चिमटीत एकही केस सुटला नाही. जाड केस मधूनमधून वर आले आहेत, ते मला हवेच होते. रेशीम विरळ टाकलं, खालून काळ्या लोकरीचे बारीक तंतू त्यातून वर आलेले भिंगाखाली दिसतात. झेंडू भिजत घातलाय.

आता दोन शंका. आटून तयार तुकडा २ बाय ३ फूट हवा असेल तर मांडणी केवढी करू? आणि काठी ओवायची नळी फेल्ट करतानाच ठेवू की नंतर शिवू?

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ मधली मीच)

१२ चे सव्वानऊ, म्हणजे २४ इंचांसाठी ३१ आणि ३६ साठी ४७. लाटण्याच्या दिशेने जास्त आटतं, म्हणून मध्ये मध्ये मोजून कमी आटलेल्या बाजूला गुंडाळा. नळी नंतर शिवा, मागच्या बाजूला, सुती पट्टीची. फेल्टच्याच नळीवर सगळं वजन आलं की ती वर्षभरात ताणते. शेवटचं पाणी व्हिनेगरचं द्या, साबण आत राहू देऊ नका.

सुया मोडतात त्या आत असताना तिरक्या होतात म्हणून. ज्या रेषेत गेली त्याच रेषेत बाहेर काढा, खाली जाड स्पंज ठेवा. आणि या लोकरीला आधी ३६ नंबरची जाड सुई घ्या, ३८ ची बारीक नंतर, वरच्या रेशमापुरती.