मुलीच्या डोक्यात चाई पडलीये, इंजेक्शन द्यावं का?

अंजू_कराड:
माझी मुलगी सातवीत आहे. वेणी घालताना कानामागे रुपयाएवढा गोल चट्टा दिसला, एकदम गुळगुळीत, खाज नाही कोंडा नाही काही नाही, आणि आता मागच्या बाजूला अजून एक दिसायला लागलाय. सासूबाई म्हणतात चाईचा किडा लागलाय, गुंज उगाळून लाव, शेजारच्या काकू म्हणतात लसूण चोळ. स्किनच्या डॉक्टरांनी अलोपेशिया अरेटा, म्हणजे चाईच, सांगितलं, क्रीम दिलंय आणि फरक नाही पडला तर इंजेक्शन देऊ म्हणाले. डोक्यात इंजेक्शन, तेही स्टेरॉइडचं, ऐकून माझं अवसानच गळालं. केस परत येतात का हो? पोरगी स्कार्फ काढायलाच तयार नाही.

स्किनवाली_रेसिडेंट:
ताई, आधी गुंज आणि लसूण दोन्ही बंद. किडा वगैरे काही नसतो यात. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते म्हणून केस गळतात, पण मूळ मरत नाही, आत जिवंत असतं, म्हणूनच केस परत येऊ शकतात. आता गुंज म्हणजे विषारी बी, आणि कच्च्या लसणाने कातडी भाजते. भाजून व्रण पडला की तिथलं मूळ कायमचं जातं, म्हणजे चाईने जे झालं नसतं ते उपायाने होतं. ओपीडीत अशी लहान मुलं बघितली की फार वाईट वाटतं.

एकदोन चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआपही येतात. परत कधीतरी चाई पडू शकते, तेही खरं. इंजेक्शन म्हणजे बारीक सुईने चट्ट्यात थेंब थेंब औषध, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी एकदा. कधीकधी तिथे थोडा खळगा पडतो, तो बहुतेक वेळा भरून येतो. मुलांना दुखतं म्हणून आधी क्रीम देतात, तुमचे डॉक्टर बरोबर चाललेत. खपल्या किंवा पू दिसला तर मात्र लगेच दाखवा, मुलांना डोक्यात नायटाही होतो आणि त्याला पोटातून बुरशीचं औषध लागतं, स्टेरॉइडने तो उलट चिघळतो.

विन्या७:
मला दाढीत झाली होती. इंजेक्शन घेताना डोळ्यात पाणी येतं पण लगेच संपतं, घाबरू नका. आधी आलेली लव पांढरी होती, मला वाटलं दाढी पिकली, नंतर काळे आले. ते नवीन गोळ्यांचं काय, बॅरिसिटिनिब की काय?

स्किनवाली_रेसिडेंट:
@विन्या७ हो, जॅक इनहिबिटर, म्हणजे मुळांवर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी मान्यता मिळाली, रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये १२ वर्षांपासून पुढे. पण या ज्यांचं अर्धं डोकं किंवा जास्त गेलंय त्यांच्यासाठी, आधी टीबीपासून सगळ्या तपासण्या लागतात आणि गोळी थांबवली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा गळतात. दोन चट्ट्यांसाठी तो विचारही नको.

मेघना_ठाणे:
मध्येच विचारते, मला पावसाळ्यात डेंगू झाला आणि आता कंगव्यात मूठमूठ केस येतात, ही पण चाईच का?

स्किनवाली_रेसिडेंट:
@मेघना_ठाणे नाही, चट्टे नाहीत ना? मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोनतीन महिन्यांनी असे सगळीकडून केस गळतात, साधारण सहा महिन्यांत थांबतं. नाहीच थांबलं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

शर्वूची_आई:
अंजू, आमच्या लेकाला चौथीत झालं होतं. औषधापेक्षा शाळेचंच टेन्शन जास्त होतं गं, पोरं शेजारी बसेनात, त्यांना वाटायचं आपल्याला लागेल. मी वर्गशिक्षिका बाईंना भेटून सांगितलं की हे संसर्गाचं नाही, त्यांनी वर्गात साध्या भाषेत समजावलं आणि मग चिडवणं बरंच कमी झालं. लेकीशी पण सरळ बोल, तिच्यासमोर सारखं डोकं चाचपू नको, मुलांना त्याचाच त्रास होतो. आणि केस मागे ओढून घट्ट वेणी नको, सैल पोनी घाल, चट्टा झाकला जातो.

अंजू_कराड:
सगळ्यांना मनापासून थँक्स. बाईंना उद्याच भेटते. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बरं, क्रीमच लाव मग. एकच विचारायचंय, फरक पडतोय हे कळणार कसं?

स्किनवाली_रेसिडेंट:
महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, चट्ट्याशेजारी रुपया धरून फोटो काढा आणि पुढच्या तपासणीला दाखवा. रोज बघू नका.