भक्तिपटांवरच्या चर्चा : आपले अनुभव लिहावेत

करवीरकर
परवा कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओवरून जाताना आमच्या पेठेतल्या वाचनालयाची आठवण झाली, कारण तेथे आम्ही जुने भक्तिपट एकत्र पाहत असू आणि नंतर त्यांवर तावातावाने वाद घालत असू. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये मुलगा आजारी असताना जिजाई देवळात शिरून विठ्ठलावर चप्पल उगारते. एका निवृत्त गुरुजींनी ही देवनिंदा ठरवली, तेव्हा एरवी गप्प बसणारी माझी आत्या म्हणाली, "ज्याला देव नाहीच असं वाटतं, तो चप्पल कुणावर उगारील?" आपणांकडेही असे प्रसंग असतील.

रंकाळ्याची सून
शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते, त्यावर आमच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मग पोरांना जेवायला कोण घालणार?" मोक्षाविषयी मी यापेक्षा नेमके काही ऐकलेले नाही. कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.

पंचगंगाकाठ
१९७५ च्या 'जय संतोषी माँ'च्या वेळी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर नाणी उधळत. आमच्या गटातल्या तरुणांनी याला भाबडेपणा म्हटले, परंतु दगडात देव पाहणाऱ्याने पडद्यात तो पाहिला तर बिघडले कोठे, या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता आले नाही.

तांबडा पांढरा
त्या चपला कोल्हापुरी असतील, तर परत मिळाल्या का, तेवढे सांगावे.

पंचगंगाकाठ
काकांना मिळाल्या, पण दुसऱ्याच्या!

टाळकरी
आमच्या भजनी मंडळात 'आधी बीज एकले' आजही तुकोबांचा अभंग म्हणून गातात, वास्तविक ते शांताराम आठवले यांनी 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी लिहिले. हे सांगितल्यावर आमचे बुवा शांतपणे म्हणाले, "असू दे, तुकोबांनी हरकत घेतलेली नाही."

शिरोळकर
'देऊळ' (२०११) पाहून नरसोबाच्या वाडीची वारी न चुकवणारे माझे मित्र प्रथम संतापले होते. चर्चा लांबली तसे त्यांनाच जाणवले की चित्रपटाचा रोख दत्तावर नाही. एका भोळ्या गुराख्याला झालेल्या दर्शनाभोवती जी दुकाने आणि जे राजकारण उभे राहते, त्यावर तो आहे. त्यानंतर वाडीच्या घाटावरील गर्दीविषयी आम्ही जे बोललो, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

करवीरकर
टाळकरी, बुवांना नमस्कार सांगा. आमच्याकडे 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलालांचाही विषय निघाला होता. दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघेही येथेच चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे दोघांनी मिळून हा विठ्ठल पडद्यावर आणला. हे ऐकून गुरुजींनी चित्रपटातल्या चमत्कारांविषयीची आपली दुसरी तक्रार आवरती घेतली.

रंकाळ्याची सून
परत आले. जिजाईची बाजू सगळेच घेतात, कारण आपण सगळे तिच्यासारखेच आहोत. गाथा इंद्रायणीत बुडवावी लागल्यावरही ज्याची श्रद्धा ढळत नाही, त्या विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांची बाजू मांडणारे आमच्या घरात कोणी निघाले नाही. करवीरकर, तुमच्या आत्या काय म्हणाल्या असत्या?